बरणीतला चुंबक

८ मार्च १९८९, बुधवार

जगन्नाथने लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत चुंबक टांगला आहे. दोऱ्याला चुंबक, चुंबकाला आरशाचा तुकडा, समोर टॉर्च. टॉर्चचा उजेड आरशावर पडतो आणि उलटून भिंतीवर ठिपका होतो. भिंतीवर कागद चिकटवला आहे. ठिपका जिथे असेल तिथे तो पेन्सिलीने खूण करतो. बरणी कोटांच्या कपाटात ठेवली आहे, त्यामुळे आमचे कोट खुर्च्यांवर आले.

डिपार्टमेंटमध्ये एवढी यंत्रं असताना हे कशाला, असं मी विचारलं.

"तिथे आकडे येतात. इथे दिसतं," तो म्हणाला.

मला काही दिसलं नाही. दिवसभरात ठिपका नखाएवढा सरकतो म्हणे. कपाटाजवळ किल्ल्या घेऊन जायचं नाही, असा हुकूम झाला आहे.

त्याच्या प्रबंधाचं इंग्रजी मी सुधारतो. फिजिक्स मला येत नाही, त्यामुळे काम सोपं जातं. पहिल्या प्रकरणात असं आहे: सूर्यावरून सतत एक वारा वाहतो. वारा म्हणजे हवा नव्हे, विद्युतभारित कण. येताना ते सूर्याचं चुंबकत्व सोबत ओढून आणतात. पृथ्वीला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे. ते वाऱ्याला अडवतं आणि वारा दोन्ही अंगांनी निघून जातो. इथपर्यंत मला समजलं. पुढे असं की वाऱ्यासोबत आलेलं क्षेत्र उत्तरेकडे तोंड करून असेल तर वारा कितीही जोराचा असला तरी विशेष काही होत नाही. ते दक्षिणेकडे वळलेलं असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं, आणि वाऱ्याची ताकद आत शिरते. बरणीतल्या चुंबकापर्यंत.

"दक्षिण म्हणजे आपल्याकडे यमाची दिशा," मी म्हणालो.

"म्हणून तर विषय घेतला."

डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, एकवीस तारखेला. कमिटीतले एक प्रोफेसर बावीसला युरोपला जातात ते एकदम ऑगस्टमध्ये येतात. त्याची बोल्डर गावातली नोकरी मेमध्ये सुरू. म्हणजे एकवीस ती एकवीसच.

मेमध्ये मीही ही खोली सोडणार आहे. जर्सी सिटीला राहून प्रबंध लिहीन. जगन्नाथला अजून सांगितलेलं नाही. डिफेन्स झाल्यावर सांगेन.


१० मार्च, शुक्रवार

सूर्यावर आज मोठा स्फोट झाला. जगन्नाथ धावत घरी आला, कपाटात डोकं घातलं, ठिपका जागच्या जागी. "एवढ्यात नाही. उजेड आठ मिनिटांत येतो, वाऱ्याला दोन दिवस तरी लागतात," असं त्याने मलाच समजावून सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी श्रीरामकाका आणि पद्मिनीकाकू आले. काका इथे इंजिनिअरिंगला शिकवतात. अमेरिकेतल्या या गावात मराठी मुलगा आला की पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे जेवतो आणि मग जेवतच राहतो. काकूंनी पिठलं लोखंडी कढईतच आणलं होतं. कढई कपाटासमोर ठेवताच भिंतीवरचा ठिपका कागद सोडून छताकडे गेला.

"काकू, तुमचं पिठलं सूर्यापेक्षा जबरदस्त आहे," जगन्नाथ म्हणाला.

"ते मला तीस वर्षं माहीत आहे. आधी जेवा."

काकांनी विचारलं, "आपल्याला काही होणार का रे या स्फोटाने?"

"ते दिशेवर आहे, काका. येईपर्यंत कळत नाही."

जेवताना काकूंनी त्याच्या वडिलांची चौकशी केली. ते मिरजेला रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर आहेत. जानेवारीत छातीत दुखलं होतं. "आता बरे आहेत. रविवारी फोन करीन," तो म्हणाला. दर दुसऱ्या रविवारी तो घरी फोन करतो.


११ मार्च, शनिवार

सकाळी फोन आला. जगन्नाथ डिपार्टमेंटमध्ये होता.

"तुम्ही हेमचंद्र ना? मी जगूचा दादा. जगू आहे का तिथे?"

नाही म्हटलं.

"बरं झालं. अण्णा गेले. आज पहाटे. आत्ताच घाटावरून आलो."

लाइनवर माझंच "हॅलो" मला थोड्या वेळाने परत ऐकू येत होतं.

"त्याला सांगू नका. अण्णांनीच बजावून ठेवलं होतं. जगूची परीक्षा होईपर्यंत त्याला काही कळवायचं नाही, असं दवाखान्यात दोनदा म्हणाले. आईचंही तेच आहे. तो येऊन तरी काय करणार? सगळं झालं. तुम्ही एवढं सांभाळा. त्याचा फोन येऊ देऊ नका. आईच्याने खोटं बोलवणार नाही."

मी बरं म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. पलीकडे मोठा भाऊ होता आणि त्याचा आवाज बसलेला होता.

काकांकडे गेलो. काकांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा मला महिन्याने पत्राने कळलं. सहासष्ट साली. पीएच.डी. झाली माझी." ते हे चांगलं झालं म्हणून सांगत होते की वाईट, ते कळलं नाही.

काकू म्हणाल्या, "ज्याला माहीत नाही त्याला सूतक नाही. कानावर पडलं की तेव्हापासून." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तोवर आपण त्याला नीट जेवायला घालू."

दुपारी जगन्नाथ आला तेव्हा मी तोंड धूत होतो. बराच वेळ धुतलं.


१२ मार्च, रविवार

सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा मी फोनची वायर भिंतीतून काढली आणि सोफा पुढे सरकवला. तो येऊन नंबर फिरवू लागला.

"डेड आहे."

"कालपासूनच आहे," मी म्हणालो.

"काल सकाळी चालू होता. मी डिपार्टमेंटमधून लावला तेव्हा एंगेज होता."

"त्यानंतर."

तो रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. सोफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग रिसीव्हर ठेवून दिला.

"काकू सकाळी सकाळी डबा का ठेवून गेल्या?" त्याने विचारलं. "शुक्रवारीच तर येऊन गेल्या."

"तुझा डिफेन्स आहे म्हणून."

"तुझी परीक्षा झाली तेव्हा मला आठवतं, त्यांनी तुला भांडी घासायला लावली होती."

मी हसलो. तो हसला नाही. कोट घालून डिपार्टमेंटमध्ये जातो म्हणाला. मला हायसं वाटलं. एक रविवार निभावला.

तो संध्याकाळी परतला. डोळे लाल होते. दिवसभर स्क्रीनसमोर होतो म्हणाला. जेवला नाही. रात्री पाठ दुखते म्हणून सतरंजी घालून खाली झोपला.


१३ मार्च, सोमवार

वारा आला.

मी उठलो तेव्हा जगन्नाथ कपाटासमोर मांडी घालून बसला होता. ठिपका कागदाबाहेर होता. मी पाहत असताना तो परत आला, थांबला, आणि पुन्हा वीतभर गेला. बरणीला कोणी हात लावलेला नव्हता, दोरा स्थिर होता. मी आपसूक खिशातल्या किल्ल्या काढून स्वयंपाकघरात ठेवून आलो. काही फरक पडला नाही. पायाखालची जमीन स्थिर होती आणि तिच्यावरची उत्तर हलत होती.

रेडिओवर सांगितलं की सरहद्दीपलीकडे क्यूबेकमध्ये पहाटे सगळीकडची वीज गेली. लाखो लोक अंधारात आणि थंडीत. पृथ्वीचं क्षेत्र हललं की जमिनीत आणि लांबलांब तारांत विजेचे प्रवाह उमटतात, असं चौथ्या प्रकरणात आहे. ते वाक्य मीच सुधारलं होतं.

जगन्नाथचा हा आयुष्यातला मोठा दिवस असायला हवा होता. तीन वर्षं तो ज्याबद्दल लिहितो आहे ते आमच्या कोटांच्या कपाटात चाललं होतं. तो खुणा करत होता. एकदा ठिपका फार लांब गेला तेव्हा त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि नुसता पाहत बसला.

"जग्या, लेका, तू बरोबर निघालास," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला.

दाढी केलेली नाही.


१४ मार्च, मंगळवार

श्रीरामकाकांचा माझ्या डिपार्टमेंटमध्ये फोन आला. "अरे, हे बरं झालं. पेपरात आलंय. सौर वादळाने दळणवळण विस्कळीत. त्याला सांग, इंटरनॅशनल लाइन्स गेल्या आहेत, आठवडाभर लागेल."

"काका, तो याच विषयात पीएच.डी. करतो आहे."

"मग त्याला लगेच पटेल."

संध्याकाळी भात लावता लावता मी सांगितलं. फोन अजून बंद आहे, कंपनीत विचारलं, वादळामुळे आहे, भारताच्या सगळ्याच लाइन्स गेल्यात. बोलताना माझे कान गरम झाले.

तो कांदा चिरत होता. सुरी थांबली.

"आपला फोन शनिवारी बंद पडला. वादळ सोमवारी आलं," तो म्हणाला.

मी भाताकडे पाहत राहिलो. हे काकांच्या आणि माझ्या, दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग तोच म्हणाला, "पण शुक्रवारी स्फोट झाला होता. स्फोटाचे क्ष-किरण लगेच येतात. वातावरणाच्या वरच्या थरात गडबड होते. शॉर्टवेव्ह रेडिओ तर ताबडतोब जातो." तो पुन्हा कांदा चिरू लागला. "उपग्रहांवरही परिणाम होतो. समुद्राखालच्या केबलमध्ये व्होल्टेज वाढतं. होऊ शकतं, हेमू. शनिवारीसुद्धा होऊ शकतं."

"म्हणजे बरोबर आहे?"

"अगदी बरोबर आहे. कोणी विचारलं तर हेच सांग. क्ष-किरण म्हण."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी इतकं खोटं बोललो आणि ते शास्त्राने खरं निघालं. कांद्याने त्याचे डोळे वाहत होते. त्याने ते पुसले नाहीत. चिरून झालेला कांदा पुन्हा बारीक चिरत राहिला.


१६ मार्च, गुरुवार

प्रबंधाची पानं द्यायला त्याच्या डिपार्टमेंटमध्ये गेलो होतो. दोन माणसांनी मला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही बसत नाहीत.

पहिली, त्याच्या शेजारी बसणारा एक मुलगा. त्याला मी विचारलं, भारताच्या लाइन्स कधी सुरू होतील. तो म्हणाला, कोणत्या लाइन्स, माझी बायको रोज दिल्लीला बोलते.

दुसरी, ऑफिसमधल्या मार्था. त्यांनी पानं घेतली आणि माझा हात हातात धरला. म्हणाल्या, "किती धीराने घेतोय तो. आम्ही म्हटलं होतं, तारीख बदलू, काहीतरी करू. तो ऐकायलाच तयार नाही. तुम्ही आहात त्याच्याजवळ, हे फार चांगलं आहे."

मी थँक्यू म्हणालो. येताना विचार करत होतो. तारीख कशासाठी बदलायची? वादळामुळे असावं. सोमवारचं सगळं प्रबंधात घालायचं म्हटलं तर वेळ लागणारच. तो नाही म्हणाला असेल. अमेरिकन लोक कामाबद्दल बोलतानाही फार हळवे होतात.

तो हल्ली एकदाच जेवतो. काकूंचा डबा मीच संपवतो. काल श्रीखंड होतं. त्याने झाकण लावून माझ्याकडे सरकवलं.


१७ मार्च, शुक्रवार

आज सांगून टाकायचं ठरवलं.

कारण असं. मी साहित्य शिकतो. कोणी कोणापासून काय लपवलं आणि त्याचं काय झालं, यावर मी दोन सेमिनार पेपर लिहिले आहेत. लपवणाऱ्याची बाजू मी कधी घेतलेली नाही. आणि आता आठवडाभर मी एका माणसासोबत राहतो आहे, ज्याचे वडील नाहीत आणि ज्याला ते माहीत नाही. तो "अण्णा म्हणायचे" असं म्हणाला तर मी दचकतो. पण तसं तो या आठवड्यात एकदाही म्हणालेला नाही. अण्णांचं नावच काढत नाही. पूर्वी उठता बसता काढायचा.

समजा त्याला नंतर कळलं आणि तो म्हणाला, तू हे ठरवणारा कोण. मी काय उत्तर देऊ? दादा म्हणाला होता? काका म्हणाले होते? आणि आज सांगितलं आणि तो मंगळवारी उभा राहू शकला नाही, तर मिरजेच्या त्या आवाजाला काय सांगू?

तो जमिनीवर बसून स्लाइड लावत होता. मी समोर बसलो.

"जगन्नाथ, एक सांगायचं आहे."

पूर्ण नाव घेतलं म्हणून असेल, त्याने लगेच वर पाहिलं. आणि हात पुढे केला, ट्रॅफिक पोलीस करतो तसा.

"आत्ता नको."

"पण तुला माहीत नाही काय ते."

"काहीही असू दे. मंगळवारी दुपारनंतर सांग. सगळं ऐकीन. त्याआधी सांगितलंस तर मला काहीतरी करावं लागेल, हेमू. मग मी बोलू नाही शकणार तिथे. प्लीज यार."

"तू रागावशील नंतर."

"नाही रागावणार. तुझ्यावर तर नाहीच."

मी उठलो. म्हणजे त्याला खोलीचं कळलेलं आहे. मी जर्सी सिटीला जाणार हे काकूंनी सांगितलं असणार, त्यांच्या पोटात काही राहत नाही. आत्ताच नवा रूममेट शोधायच्या भानगडीत पडायचं नाही, असं तो म्हणत होता. मोठ्या मनाने घेतलं त्याने. माझं मूळ सांगायचं मात्र राहून गेलं आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली.


१९ मार्च, रविवार

काकूंकडे होळीचं जेवण. होळी मंगळवारी आहे, पण इथे सगळे सण रविवारी येतात. पाच-सहा कुटुंबं होती. मुलं बर्फात खेळत होती. काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या.

स्वयंपाकघरात काकू तव्यापाशी उभ्या होत्या आणि रडत होत्या. मला म्हणाल्या, "माहीत नाही त्याला सूतक नाही, असं मीच म्हणते. पण हे पान मी त्याला कशी वाढू? त्याचा बाप गेलाय रे. आणि नाही वाढलं तर त्याला कळेल."

"वाढा. एवढे दोन दिवस," मी म्हणालो.

त्यांनी वाढलं. पोळी, वर तूप.

जगन्नाथने पानाकडे पाहिलं. मग पान हलकेच बाजूला केलं. "काकू, खूप ॲसिडिटी झालीय. टेन्शन. मला नुसता वरणभात चालेल. पुरण नको."

"एक घास तरी घे, जगू. सणाचं आहे," शेजारच्या बाई म्हणाल्या.

"डिफेन्स झाला की नक्की," तो त्यांना म्हणाला, आणि काकूंकडे पाहून, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही वाढलंत ना, पोहोचलं."

काकू "बरं बाळा" म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांची सुटका झाली असं मला वाटलं. योगायोगाने ॲसिडिटी झाली म्हणून.

परत येताना गाडीत काकांनी विचारलं, "दाढी कधी करणार? कमिटीसमोर असा जाणार का?"

"नंतर करीन, काका. नवस आहे."

"कसला नवस? तू सायंटिस्ट ना?"

"हो ना," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.


२० मार्च, सोमवार

रंगीत तालीम. मी कमिटी झालो. प्रश्न त्यानेच लिहून दिले होते, पण मी माझाही एक विचारला. खरोखर समजत नव्हतं म्हणून.

"मागच्या सोमवारी वारा नेमका कसा होता? किती जोराचा, कोणत्या दिशेचा?"

"माहीत नाही."

"म्हणजे? तुझा विषय आहे."

"त्या वेळचं वाऱ्याचं नीट मोजमाप आमच्याकडे नाही. मोजणारा उपग्रह योग्य जागी नव्हता."

"मग क्षेत्र दक्षिणेकडे होतं हे कशावरून?"

"इकडे जे झालं त्यावरून. सगळं एकाच वेळी हललं. क्यूबेक गेलं, कपाटातला ठिपका गेला. कुठलीही एक गोष्ट घेतली तर तिला दुसरं कारण देता येईल. कढई, किल्ल्या. पण सगळं एकदम हलतं तेव्हा तिकडे काय झालं असेल ते कळतं. कोणी येऊन सांगावं लागत नाही."

"कमिटी म्हणेल, हा पुरावा नाही."

"मग मी एकदा पडताळून पाहिलंय असं सांगीन," तो म्हणाला.

कसं पडताळलं ते विचारायचं राहिलं. तो स्लाइडचा डबा बंद करत होता. आज तो फारच थकलेला दिसला. सकाळी मला जाग आली तेव्हा तो अंघोळ करून, ओल्या केसांनी, खिडकीशी हात जोडून उभा होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळेच देवाला मानतात.


२१ मार्च, मंगळवार

झालं. पास.

तो दीड तास बोलला. मी मागच्या रांगेत होतो. काकाही वर्ग सोडून आले होते. त्याचा आवाज एकदाही हलला नाही. शेवटी कमिटीने आम्हाला बाहेर काढलं, थोड्या वेळाने दार उघडलं आणि त्याच्या प्रोफेसरांनी त्याला डॉक्टर म्हटलं. हात मिळवला, आणि मग त्याला जवळ घेतलं आणि धरून ठेवलं. मी आजवर त्या माणसाला कोणाच्या पाठीवर थाप मारतानाही पाहिलेलं नाही.

केक होता. जगन्नाथने तो सगळ्यांना वाटला.

संध्याकाळी उशिरा आम्ही चौघं आमच्या खोलीवर आलो. काका, काकू, तो आणि मी. कसं सांगायचं ते ठरलेलं होतं. काका सांगणार होते. दादाने काकांना फोनवर बजावलं होतं की परवा गेले असं सांगा. दहा दिवस लपवलं हे कळलं तर त्याला लागेल. काकांना ते पटलं होतं. मलाही.

काका कोट न काढता सोफ्यावर बसले. "डॉक्टर जगन्नाथ," म्हणाले. आणि पुढे त्यांना बोलता येईना. चष्मा काढला, पुसला, लावला. काकूंनी पदर तोंडाशी धरला. मी भिंतीकडे पाहत होतो.

जगन्नाथ त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. "काका, सांगा. आता सांगा," तो म्हणाला. लहान मुलाला धडा म्हणायला लावावं तसं.

"अण्णा गेले रे."

"कधी?"

"परवा. हार्ट. काही त्रास झाला नाही."

"परवा," तो म्हणाला.

आम्ही वाट पाहिली. त्याने डोळे मिटले होते. ओठ दाबलेले. मग काकांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्हाला फार त्रास झाला असेल."

काका रडायला लागले. काकूही. मीच कोरडा होतो, कारण मला काही कळत नव्हतं. आम्ही तिघं त्याला सावरायला बसलो होतो आणि तो काकांसाठी पाणी आणायला उठला होता. धक्का बसला की माणूस असं वागतो, असं मी ऐकून होतो.

पाणी देऊन त्याने सोफा एका बाजूने ओढला, खाली वाकला आणि फोनची वायर भिंतीत लावली. शोधावी लागली नाही. रिसीव्हर कानाला लावून नंबर फिरवला. तिकडे सकाळ असणार.

आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती.

"दादा, मी जगू. हो, आत्ताच कळलं. काकांनी सांगितलं. हो, परवा. नाही रे, मला कशी कल्पना असणार? तू काळजी करू नको. झाला, पास झालो. हो. तू जेवतोस ना? आईला दे."

रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडचं रडणं आमच्यापर्यंत बारीक येत होतं. तो "हो आई, हो," एवढंच म्हणत होता.

मग आवाज खाली आणून त्याने विचारलं,

"आई, परवा दहाव्याला कावळा शिवला का?"

काकूंनी पदर खाली घेतला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होतो? परवा गेलेल्या माणसाचा दहावा परवा होत नाही. हा हिशेब मला साधा होता आणि तरी मी तो पुन्हा पुन्हा करत राहिलो. रविवार, डिपार्टमेंट, लाल डोळे. पुढे काही जुळेना. किंवा सगळंच जुळत होतं आणि मला ते नको होतं.

पाठमोराच तो ऐकत होता.

"नाही शिवला?" तो म्हणाला. "किती वेळ थांबलात? एवढ्या उन्हात? दादाने सांगितलं का, जगूचं होईल म्हणून? सांगूनही नाही? मग दर्भाचा केलात ना. बरं केलंत."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मी रविवारीच प्रोफेसरांच्या ऑफिसमधून फोन केला होता, आई. शेजारच्या सरलामावशींनी उचलला. त्यांना मीच म्हटलं, घरात सांगू नका, मला कळलंय म्हणून. तुम्ही सगळे इतकं जपत होता."

त्याचा खांदा एकदा हलला. मग दुसरा. आवाज मात्र तसाच होता, सकाळी होता तसा.

"आता त्यांच्या फोटोपाशी जा," तो म्हणाला. "आणि मोठ्याने सांग. झालं म्हणून सांग."